अधिक-उणे

मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की नातेवाईक त्या मुलाकडे एका वेगळ्याच नजरेनं पाहू लागतात. डॉक्टर होणाऱ्याला निदान पाच वर्षांची सवलत असते. अजून शिकतोय, कशाला त्याला आत्ताच नाडी दाखवायची, असं लोक म्हणतात. मेकॅनिकलवाल्याला पाच दिवसांचीही सवलत मिळत नाही. माझा प्रवेश १९७२ सालच्या जुलैत झाला आणि त्याच रविवारी मावशी पिशवीत स्टोव्ह घालून आली. तिच्यामागून शेजारचे काका टेबलफॅन घेऊन आले.

"अगं मावशी, अजून कॉलेज सुरू व्हायचंय आमचं."

"असू दे रे. स्टोव्हला पिन मारायला कॉलेज कशाला लागतंय?"

काका अधिक चिकित्सक. त्यांनी आधी चौकशी केली. "तुमच्यात पंखा येतो ना?" म्हटलं, "येतो, तिसऱ्या वर्षाला. म्हणजे पात्यांचा आकार, हवेचा वेग, असं सगळं येतं." काकांनी क्षणभर विचार केला आणि फॅन उचलत म्हणाले, "म्हणजे दुरुस्ती येत नाही." पुढच्या चार वर्षांत माझ्या शिक्षणाचं इतकं नेमकं मूल्यमापन विद्यापीठालाही जमलं नाही.

ती चार वर्षं संपून आता पन्नासाच्या आसपास पावसाळे झाले. थर्मोडायनॅमिक्समधली एंट्रॉपी मला तेव्हा जेवढी समजली होती तेवढीच आजही समजते, म्हणजे ती वाढत जाते एवढंच. आणि आमच्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलं की त्याला रोज नवा पुरावाही मिळतो. बाकीचं बरंचसं धूसर झालं. पण एक चिन्ह मात्र डोक्यात कायमचं रुतून बसलं. वर अधिक, खाली उणे. ड्रॉइंगवर मापाच्या आकड्याशेजारी ते बारीक अक्षरांत अंग चोरून बसलेलं असतं. नीतिशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ काही माझ्या वाचनात नाहीत. पण माणूस किती चुकला तर चालतं, हा जो त्या शास्त्रातला कळीचा प्रश्न, त्यावर मला जे काही दोन शब्द सुचतात ते त्या बारीक चिन्हातूनच सुचतात.

सुरुवात वर्कशॉपपासून झाली. आम्हाला वाटलं होतं, आता इंजिनं, टर्बाइनं, झालंच तर विमानं. हातात आली ती कानस. तीही पुस्तकात जिला 'बास्टर्ड' म्हणतात ती. ही शिवी नव्हे, कानशीच्या दातांची जाडी सांगणारा तो शब्द आहे. पण तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ वर्गात प्रचारात आला. काम एवढंच की लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा घ्यायचा आणि घासून घासून त्याचा पन्नास मिलिमीटरचा चौकोन करायचा. कडा सरळ, कोपरे काटकोनात.

आमचे वर्कशॉपचे मास्तर खाकी डगल्यातले, मितभाषी गृहस्थ. आपण तुकडा घेऊन जायचं. ते कडेला गुण्या लावायचे, तुकडा खिडकीकडे धरायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "उजेड दिसतोय." झालं. परत जा, घासा. गुण्या आणि लोखंड यांच्यामध्ये केसाएवढी फट असली तरी तिच्यातून उजेड येतो. दीड महिना मी त्यांच्या तोंडून हे दोनच शब्द ऐकले. एखाद्या सत्पुरुषानं शिष्याला "उजेड दिसतोय" म्हटलं तर शिष्य धन्य व्हायचा. आमच्याकडे उजेड दिसला की नापास.

एकदा एका मुलानं धीर करून म्हटलं, "मास्तर, थोडासाच दिसतोय."

मास्तरांनी गुण्या खाली ठेवला. चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "थोडासा म्हणजे किती?"

मुलगा गप्प. आम्ही सगळे गप्प. मला पुढं पुष्कळदा वाटत आलंय की संसारातली, भाऊबंदकीतली आणि राजकारणातली निम्मी भांडणं या प्रश्नाचं उत्तर कुणी देत नाही म्हणून होतात. थोडासा उशीर, थोडीशी घेतली, थोडंसं इकडचं तिकडं केलं. किती? तिथं सगळ्यांची दातखीळ.

दुसऱ्या वर्षी मशीन ड्रॉइंग आलं. पहिल्याच तासाला प्रोफेसरांनी विचारलं, "पंचवीस मिलिमीटरचा शाफ्ट कुणी पाहिलाय?" वर्कशॉप करून आलेली पोरं आम्ही, सगळ्यांचे हात वर. प्रोफेसर म्हणाले, "हात खाली घ्या. कुणीही पाहिलेला नाही. मीही नाही. तो अस्तित्वात नाही."

वेदान्ताच्या तासाला येऊन बसलो की काय असं वाटलं. पण बोलले ते खरं होतं. शुद्ध, निर्मळ, दशांशानंतर शून्यंच शून्यं असलेला पंचवीसचा शाफ्ट जगातल्या कुठल्याही लेथवर निघत नाही. काढणाऱ्याचा हात, हत्याराची झीज, लोखंडाला आलेली ऊब, मोजणाऱ्याचा डोळा, सगळे आपापला वाटा उचलतात. तो पंचवीस परब्रह्मासारखा. त्याच्या जवळ जाता येतं, त्याला हात लावता येत नाही. मग शहाण्या माणसानं काय करायचं? किती जवळ गेलं की पुरे, ते आधी ठरवायचं आणि कागदावर लिहून टाकायचं. पंचवीसच्या भोकाला ड्रॉइंगवर 'एच-७' लिहिलं, की ते २५.००० पासून २५.०२१ मिलिमीटरपर्यंत कुठंही असलं तरी पास. त्यात फिरणाऱ्या शाफ्टला 'जी-६' लिहिलं, की त्यानं २४.९८० ते २४.९९३ च्या मध्ये राहायचं. म्हणजे शाफ्ट कितीही जाडला आणि भोक कितीही आक्रसलं तरी दोघांच्या मध्ये सात मायक्रॉनची जागा राहतेच, तेलाला. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरा. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी ही जागा. पण ती ठेवली नाही तर फिरणारी दोन माणसं... चुकलो, फिरणारे दोन भाग एकमेकांना धरून बसतात आणि जळतात.

ही मर्यादा तपासायला एक दुतोंडी हत्यार असतं, गो-नोगो गेज. एक तोंड भोकात जायलाच हवं, दुसरं जाताच कामा नये. मधला मार्ग नाही. हे भोक कुणाच्या भाच्यानं पाडलं, त्याच्या घरी काय अडचण होती, साहेबांशी त्याची ओळख आहे का, हे गेज विचारत नाही. इतकी निष्पक्षपाती वस्तू मी दुसरी पाहिली नाही. पण मला तिच्या कठोरपणापेक्षा तिच्या उदारपणाचं जास्त कौतुक आहे. एकवीस मायक्रॉनच्या आत तुम्ही कुठंही असा, ती तुम्हाला पूर्ण पास करते. मधोमध असलेल्याला जादा मार्क नाहीत आणि काठावरच्याला टोमणा नाही.

आता बघा, अशी सूट ठेवण्याची कल्पना काही इंजिनिअरांच्या घरची नाही. प्रत्येक धंद्याची आपली एक असते. सुतार सुतात बोलतो. इंचाला आठ सूत, आणि अर्ध्या सुताचा फरक तो लांबीने भरतो. सोनार गुंजेवर येतो; तोळ्याला शहाण्णव गुंजा, तिथं अर्धी गुंज इकडची तिकडं झाली तर पिढ्यान्पिढ्यांची ओळख तुटते. आमची आजी 'चवीपुरतं मीठ' म्हणायची, तेव्हा तीही एक मर्यादाच सांगत असायची. ती कुठं लिहिलेली नव्हती, आणि आजीबरोबर ती आमटीही गेली.

मर्यादाच नको असं म्हणणारे मात्र आमच्या घरात होते. आजोबा. खोटं म्हणजे खोटं; त्यात अधिक नाही, उणे नाही. त्यांच्या बोलण्यात धर्मराजाचं उदाहरण हमखास यायचं. त्याचा रथ म्हणे जमिनीच्या चार बोटं वर चालायचा, आणि द्रोणाचार्यांच्या वेळी 'नरो वा कुंजरो वा' झाल्याबरोबर तो खाली टेकला. लहानपणी ही गोष्ट ऐकून मी हळहळलो होतो. मेकॅनिकलचं दुसरं वर्ष झाल्यावर मात्र मला निराळंच दिसायला लागलं. जन्मभर खरं बोललेल्या माणसाचं, एका अर्धवट वाक्यानं, चार बोटांचं अंतर एकदम शून्यावर? इतकं नाजूक सस्पेन्शन कुणी डिझाइन केलं? आणि त्याच रणांगणावर दुर्योधनाचा रथ पहिल्यापासून जमिनीवरच चालत होता, त्याला कुणी काही बोललं नाही. आजोबांना मी हे बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणून तो दुर्योधन." यावर उत्तर नव्हतं. पण ज्याच्याकडून अपेक्षा शून्य चुकीची, त्याची एक चूक महाभारतभर गाजते आणि ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही तो सुखात असतो, हे माप मला अजूनही बरोबर वाटत नाही.

चुकीला लिहून जागा दिल्यामुळं एक मोठी गोष्ट घडली, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. इंग्लंडात दीडदोनशे वर्षांपूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जाईलच याची खात्री नाही. सात जन्मांची गाठ म्हणतात तसं. एक हरवला की दुसरा विधुर. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंजिनिअरनं १८४१ साली सगळ्यांसाठी एकच आटा सुचवला, पंचावन्न अंशांचा. पुढं मर्यादा ठरल्या, गेजं आली, आणि आज कोल्हापुरात केलेला नट लुधियानाच्या बोल्टवर बसतो. दोघांची आयुष्यात भेट झालेली नसते. दोघंही थोडे थोडे चुकीचेच असतात. पण किती चुकायचं ते दोघांनी आधी कबूल केलेलं असतं, म्हणून अनोळखी असून जमतं.

याच व्हिटवर्थचं आणखी एक काम मला फार आवडतं. लोखंडाचा अगदी सपाट पाट कसा करायचा? आदर्श पाट जवळ नाही, तो असता तर प्रश्नच नव्हता. दोन पाट घ्यावेत, एकाला रंग लावून दुसऱ्यावर घासावा, जिथं रंग लागेल तो उंचवटा खरवडावा, असं करत करत दोघं एकमेकांवर तंतोतंत बसवावेत. बसतात. पण ते सपाट असतातच असं नाही! एक पोटानं फुगलेला आणि दुसरा तितकाच खोलगट असला तरी तंतोतंत बसतात. म्हणून पाट तीन घ्यायचे. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर. तिन्ही जोड्या जमल्या तरच तिघंही सपाट. व्हिटवर्थनं १८४० साली ही रीत विद्वानांच्या सभेत मांडली. माझ्या पाहण्यात अशी पुष्कळ जोडपी आहेत, भागीदारही आहेत, की ज्यांचं एकमेकांशी विलक्षण जमतं. लोक म्हणतात, किती सरळ माणसं! मी तिसऱ्या पाटाची वाट पाहतो.

इतकं सुंदर शास्त्र. आणि ते शिकवायचं कसं? तर जर्नल लिहून. ज्यांनी ही शिक्षा भोगलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर आठवड्याला एक प्रयोग करायचा, त्याचे आकडे मांडायचे, उत्तर काढायचं आणि सरांची सही घ्यायची. या उत्तराबाबत अलिखित नियम असा की ते पुस्तकातल्या उत्तराशी जुळलं पाहिजे. सकाळच्या तासाला फळ्यावर 'कुठलंही माप अचूक नसतं' हे तत्त्वज्ञान आणि दुपारी प्रयोगशाळेत 'उत्तर अचूक का नाही?' अशी खडसावणी. मग पोरांनी तोडगा काढला नसता तरच नवल. आधी उत्तर लिहायचं, मग उलट्या दिशेनं गणित करत आकड्यांपर्यंत यायचं. आकडे इतके गोजिरवाणे यायचे की आलेखावरचे सगळे बिंदू शाळेच्या प्रार्थनेसारखे एका रांगेत उभे. खरे आकडे असे कधीच उभे राहत नाहीत. ते बसथांब्यावरच्या माणसांसारखे उभे राहतात, साधारण रांगेत.

आमच्या बॅचला साताऱ्याकडचा एक मुलगा होता. बोलायला कमी, लिहायला सावकाश. एकदा व्हेंचुरीमीटरचा प्रयोग होता. नळीतून वाहणारं पाणी मोजण्याचं हे साधन. सिद्धांतानं जेवढं पाणी यायला हवं त्याच्यापेक्षा प्रत्यक्षात किंचित कमी येतं, कारण घर्षण आपली पट्टी वसूल करतं. या दोहोंचं गुणोत्तर पुस्तकात साधारण ०.९७. सगळ्या बॅचचं उत्तर ०.९७. याचं आलं १.०६. म्हणजे सिद्धांतात मावत नाही इतकं पाणी नळीतून येत होतं. पाणीटंचाईच्या त्या दिवसांत, १९७३ च्या सुरुवातीला, महाराष्ट्रभर दुष्काळ पडलेला असताना, ही तशी आनंदाची बातमी होती. पण सर संतापले.

"अरे, निसर्गाचा नियम मोडलास तू!"

"मी नाही सर. मॅनोमीटर मोडतोय."

त्यानं दाखवलं. मॅनोमीटरच्या नळीत हवेचा एक बुडबुडा अडकला होता. त्यामुळं दाब कमी दिसत होता आणि हिशेब फुगत होता. प्रयोगशाळेच्या मदतनिसानं कॉक उघडला, हवा सोडली, दोन मिनिटांचं काम. नंतर उत्तर आलं ०.९४. त्यानं ते लिहिलं, शेजारी अधिक-उणे किती ते लिहिलं, आणि खाली बुडबुड्याची हकिकत लिहिली. सरांनी लाल शाईनं गोल केला आणि दहापैकी पाच दिले. ज्यांनी नळीकडे पाहिलंही नव्हतं त्यांना आठ. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक तरी कदर करतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी ते पान उघडलंच नाही. लँकेशायर बॉयलरला धुराच्या नळ्या किती, एवढंच विचारलं आणि दोन म्हटल्यावर सोडून दिलं.

मला त्याच्या गेलेल्या तीन मार्कांपेक्षा त्या बुडबुड्याचं जास्त वाटतं. मदतनीस सहज बोलून गेला होता की ही कुरकुर जुनीच आहे. म्हणजे आमच्या आधीच्या कितीतरी पोरांनी त्या नळीसमोर उभं राहून ०.९७ लिहिलं आणि बुडबुडा आत सुखानं नांदला. यात पोरांना तरी काय दोष द्यायचा? चुकीला जागाच ठेवली नाही की माणूस अचूक होत नाही, तो चूक झाकायला शिकतो. आजोबांच्या शून्याबद्दल माझी जी काही तक्रार आहे ती हीच.

पण मग चुकीला जागा द्यायची म्हणजे ती वाटेल तेव्हा वाटेल तितकी वाढवायची का? याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरातही सापडतं आणि अमेरिकेच्या अवकाशयानातही. कुकरची रिंग घ्या. नवी असताना वाफ अजिबात जात नाही. मग एका बाजूनं जरा फुसफुस व्हायला लागते. "चालतंय अजून," आपण म्हणतो. भात झालाच ना? मग चालतंयच. पुढच्या महिन्यात फुसफुस दोन बाजूंनी, तरी भात होतोच. भात झाला हाच रिंग चांगली असल्याचा पुरावा!

अमेरिकेच्या चॅलेंजर यानाचं नेमकं हेच झालं. त्याच्या बूस्टर रॉकेटच्या सांध्यांत रबराच्या कड्या होत्या, गरम वायू बाहेर येऊ नये म्हणून. त्या जळाव्यात, झिजाव्यात अशी डिझाइनमध्ये सोयच नव्हती. म्हणजे झिजेची मर्यादा शून्य. आधीच्या काही उड्डाणांनंतर कड्या झिजलेल्या सापडल्या. पण यान सुखरूप परत आलं होतं, भात झाला होता. तेव्हा झीज चालवून घेण्यात आली. चौकशी मंडळावर रिचर्ड फाइनमन होते. एका ठिकाणी कडी एक तृतीयांश झिजली होती, तर पूर्ण झिजायला अजून तिप्पट वाव आहे, म्हणून सुरक्षिततेचा गुणांक तीन आहे, असा हिशेब त्यांना वाचायला मिळाला. त्यांनी दाखवून दिलं की जी झीज व्हायलाच नको होती ती झाली, हीच धोक्याची खूण. तिच्यातून गुणांक काढायचा नसतो. हे एका फिजिक्सवाल्यानं सांगावं, याची मेकॅनिकलवाल्यांना थोडी लाज वाटायला हरकत नाही.

थोडीच, कारण मेकॅनिकलवाल्यांनीही सांगितलं होतं. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतले रॉजर बोइजोली हे मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांनी १९८५ च्या जुलैतच लेखी इशारा दिला होता. उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ ला, थंडी कडाक्याची होती. रबर गारठलं की ताठरतं. साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका, असं कंपनीच्या इंजिनिअरांनी फोनवरच्या बैठकीत सांगितलं. नासाच्या अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही. मग कंपनीच्या एका वरिष्ठानं इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगितलं की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. टोपी बदलली. सल्ला बदलला. एका बाजूला नासा, दुसऱ्या बाजूला कंपनीचे मॅनेजर. दोन पाट एकमेकांवर तंतोतंत बसले. तिसरा पाट बाजूला काढून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तापमान साधारण २ अंश होतं. यान ७३ सेकंदांत फुटलं आणि सात माणसं गेली.

विनोदी लेखात हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण 'चालतंय' हा शब्द आपण दिवसातून इतक्या वेळा आणि इतक्या आनंदानं वापरतो की त्याच्या मागं कधीतरी काय उभं असतं ते एकदा सांगून टाकलेलं बरं. 'चालेल' आणि 'चालतंय' यांत मला तरी मोठा फरक दिसतो. 'चालेल' आधी म्हणायचं असतं, मोजण्यापूर्वी, खाली सही करून. 'चालतंय' हे मोजून झाल्यावर, माप बाहेर गेलेलं पाहून म्हटलं जातं. एकाला मर्यादा म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणतात ते आमच्या वर्कशॉपच्या कानशीला विचारा.

म्हणून सगळीकडेच काटेकोर राहावं का? छे! तसं करणारा नवशिका तरी असतो किंवा सासुरवास करणारा. नोकरीतले माझे पहिले साहेब मोठे रसिक होते. एका नव्या पोरानं मशिनच्या बिडाच्या पायाचं ड्रॉइंग आणलं, प्रत्येक मापाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची मर्यादा. मर्यादा आवळली की खर्च भराभर चढतो. जिथं साधं ओतकाम पुरतं तिथं ग्राइंडिंग लागतं. साहेबांनी त्याला शेजारी बसवलं आणि पायाच्या खालच्या बाजूवर बोट ठेवून विचारलं, "इथं कोण भेटायला येणार आहे?"

"कुणी नाही सर. खाली काँक्रीट."

"मग राहू दे की खडबडीत. जिथं दुसरा भाग येऊन भेटतो तिथं जीव लाव."

त्यानंतर मी माणसांकडं या नजरेनं पाहायला लागलो. आमच्या इमारतीत एक गृहस्थ आहेत. दुसऱ्यांच्या दारातल्या चपला तिरक्या असल्या तर यांची झोप उडते, घड्याळ रेडिओच्या ठोक्याला मिळवलेलं, मिशी गुण्याला लावून कातरलेली. पण उसने घेतलेले पैसे परत करताना 'असतील साधारण इतके.' जिथं कुणीच भेटायला येत नाही तिथं मायक्रॉन, आणि जिथं दुसऱ्याचं अंग घासतं तिथं सुतारी माप. त्यांच्या उलट आमचा सातारचा मित्र. त्याचं टेबल पाहिलं तर भूकंप होऊन गेलाय असं वाटावं. पण बायकोला "सातला येतो, अधिक-उणे दहा मिनिटं" म्हणून सांगतो आणि सात वाजून नऊ मिनिटांनी बेल वाजवतो. जन्मभर त्यानं तपासणी खात्यातच नोकरी केली. त्यानं नाकारलेला माल सुटावा म्हणून लोक साहेबांकडं जायचे, आणि मालावर त्याची सही आहे का ते पाहून गिऱ्हाईक माल घ्यायचं.

हल्ली ड्रॉइंग संगणकावर निघतं, मापं यंत्रं स्वतःच घेतात. महाराष्ट्रात १९८३ नंतर खासगी कॉलेजं निघाली आणि मेकॅनिकलची पोरं गावोगाव दिसायला लागली. परवा असंच एक पोर भेटलं, शेवटच्या वर्षाचं. व्हेंचुरीमीटरचं उत्तर काय येतं म्हणून विचारलं. "०.९७," तो तत्काळ म्हणाला. मी पुढं काही विचारलं नाही.

सातारच्या मित्राच्या मुलाचं लग्न झालं त्याला आता बरीच वर्षं झाली. सगळं रीतीप्रमाणं पार पडलं. निघायची वेळ झाली आणि मुलीचे वडील, कोषागारातून निवृत्त झालेले, रिवाजाप्रमाणं हात जोडून पुढं आले. म्हणाले, "काही अधिक-उणं झालं असेल तर सांभाळून घ्या."

आमच्या मित्रानंही हात जोडले आणि सवयीनं विचारलं, "किती?"

मांडवात शांतता पसरली. वधूच्या मामांनी आवंढा गिळला. वहिनींनी मित्राच्या कोटाची बाही ओढली. पण मुलीचे वडील जन्मभर हिशेब जुळवलेला माणूस. त्यांनी क्षणभरही न घेता सांगितलं, "अंदाजापेक्षा चाळीस पानं जास्त झाली. शेवटच्या पंगतीला मठ्ठा मिळाला नाही. बाकी सगळं मर्यादेत आहे."

मित्रानं त्यांना कडकडून मिठी मारली. शेवटच्या पंगतीतली मंडळी अजून हात धुऊन बाहेरच उभी होती. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, हाताशी दुसरं कुणी दिसेना, तेव्हा मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवालाच कोपऱ्यावरच्या डेअरीत ताक आणायला पिटाळलं, आणि मागून ओरडून सांगितलं, "दहा लिटर! अर्ध्या लिटरच्या वर कमी घेऊ नकोस!"